घागरीतला नमुना

बाटली कसली ते आधी सांगा, पाणी मागाहून बघू.

नोकरीला लागल्यापासून हे एक वाक्य मी खिडकीशी आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर मारत आले आहे. तंजावूरच्या सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी उमर गेली. गावोगावच्या टाक्या, हातपंप, शाळांचे बोअर, कुणाकुणाच्या घरच्या विहिरी, सगळ्यांचं पाणी आमच्याकडे येतं. सरकारी नमुने आमची माणसं आणतात, खासगी लोक आपापले घेऊन येतात. आणि लोक पाणी कशातनं आणतील याचा काही नेम नाही. लोणच्याच्या बरणीतनं आणतात, खोबरेल तेलाच्या बाटलीतनं आणतात. एका गृहस्थांनी तर सरकारी काम आहे म्हणून बाटली आधी जंतुनाशकानं खळखळून धुतली होती आणि मोठ्या ऐटीत ते मला सांगत होते. मी म्हटलं, "अहो, जंतू मारून आणलेत, आता मी तपासू काय, माझं कपाळ?" बिचारे ओशाळून परत गेले. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. राग माझ्या नाकावरच असतो, आणि ऑफिसात मला मागून 'बाटली अक्का' म्हणतात हेही मला ठाऊक आहे.

हे सगळं बोलणं अर्थात तमिळमध्ये. मराठीत भांडायला मला घरी आई होती.

आमचं घर राजवाड्याच्या मागल्या गल्लीत. चार खोल्या, पुढे ओटा, मागे कोल्लै, म्हणजे परसू, आणि परसात विहीर. विहीर आमच्या हद्दीत, पण पाणी तीन घरांचं. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भिंतीत दारं ठेवलेली. आई जुन्या वळणाचं मराठी बोलायची, जे ऐकून मराठी मुलखातनं येणारे पाहुणे हसायचे. आम्ही दोघी बहिणी तेच मराठी तमिळ मिसळून बोलायचो. वडिलांनी मला धरून बसवून देवनागरी अक्षरं गिरवून घेतली म्हणून आज हे लिहिता येतंय. धाकटीपर्यंत त्यांचा उत्साह टिकला नाही. तिला मराठीत स्वतःचं नावसुद्धा लिहिता यायचं नाही, पण बोलायची माझ्यापेक्षा किती तरी गोड.

ती माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. तिची शाळा, तिची आजारपणं, तिचं लग्न, सगळं मी केलं. माझं लग्न राहून गेलं आणि त्याची खंत करायला मला सवड झाली नाही. तिला तिरुवैयारूला दिलं होतं. मेहुणे तिथे गाणं शिकवतात. बसनं अर्ध्या तासाचा रस्ता, तरी लग्नाच्या दिवशी मी अशी रडले होते की जशी काही ती दिल्लीला चालली.

आईचं सोवळं कडक होतं. रोज सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं ती विहिरीचं पाणी शेंदायची आणि तांब्याच्या घागरीत भरायची. ती घागर देवाची. तिच्यातल्याच पाण्यानं देवाची पूजा, तिच्यातलंच नैवेद्याच्या स्वयंपाकाला, आणि आई स्वतः प्यायचीही तेच. घागरीला आम्ही हात लावायचा नाही. मला पाणी हवं असलं की ती वरून ओतायची, मी खाली पेला धरायचा. नळाचं पाणी घरात येत होतं, नदीवरून आलेलं, क्लोरीन घातलेलं, मी स्वतः कितीदा तपासलेलं. ते भांडी घासायला. आई म्हणायची, "त्या पाण्यास औषधाचा वास येतो. देव काय आजारी आहेत?"

"देव नाहीत, माणसं होतात," मी म्हणायची.

"तांब्यांत रात्रभर राहिलेल्या पाण्यांत कांही उरत नाही. तुझ्या ऑफिसास ठाऊक नसेल, मज ठाऊक आहे."

ऑफिसलाही ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवलं होतं की तांब्याच्या भांड्यात पाणी तासन्‌तास राहिलं की त्यातले जंतू मरतात, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यातला नमुना कधीच घ्यायचा नाही. मी हे पुढे कितीजणांना शिकवलं असेल, मोजदाद नाही.

मग मागल्या गल्लीतलं एक जुनं घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. सगळ्या भाड्याच्या खोल्या. संडासाची टाकी त्यांनी खणली ती नेमकी आमच्या परसाच्या भिंतीला चिकटून. विहिरीपासून किती लांब? मी चालून बघितलं, आठ पावलं भरली. मी त्या मालकाशी भिंतीवरून कडाडून भांडले. तो म्हणाला, टाकी पक्की आहे, सिमेंटची आहे, तुम्ही पाणी तपासून घ्या. हा माणूस मला पाणी तपासायला सांगतोय, मला! तळपायाची आग मस्तकात गेली.

पण तपासायला तर हवंच होतं. त्यात धाकटीला दिवस गेलेले. लग्नानंतर चौदा वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. बाळंतपणाला ती आमच्याकडेच येणार होती. आई तर हवेत होती. मी एका शनिवारी ऑफिसातनं नमुन्याची बाटली घेऊन आले. काचेची, तोंडाला कागद बांधलेला, आत काही जिवंत राहू नये म्हणून वाफेच्या मोठ्या कुकरात उकडून काढलेली. तिला दोरी बांधून विहिरीत सोडायची, बुडली की वर ओढायची, झाकण लावायचं, संपलं काम. दोन मिनिटांचं.

आई विहिरीच्या कठड्याशी आडवी उभी राहिली.

"ती बाटली आंत सोडायची नाही."

"का?"

"कुणाकुणाच्या गटाराचें पाणी भरून आणलें असशील तीत. देवाच्या पाण्यांत ती बुडवणार?"

"अगं, ती कुकरात उकडलेली आहे. तुझ्या भांड्यांपेक्षा स्वच्छ आहे!"

"तुझ्या कुकरांत शेण उकडलें तर काय प्रसाद होतो की काय गे?"

मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. शनिवार गेला. रविवारी मी पुन्हा तोंड उघडलं तर तिनं जेवणावरचं लक्षच काढलं, पानावर बसेना. मी म्हटलं, "बरं, तू सांग कसं घेऊ." ती म्हणाली, "मी सोवळ्यानें शेंदते. तुझ्या बाटलींत वरून ओतते. बाटली खालीं, पाणी वर. शिवाशिव नाही." हे मला परवडणारं होतं. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना घ्यायचं ठरलं, म्हणजे नमुना ताजा राहील.

सोमवारी मला उशीर झाला. मी पायऱ्या उतरत होते आणि आईनं हाक मारली. बाटली मी दोन्ही हातांत धरली, कागद सोडला, आणि आईनं वरून पाणी ओतलं. घागरीतनं. तांब्याच्या त्या घागरीतनं, आदल्या दिवशी सकाळी भरलेल्या.

त्या क्षणी मला आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आठवलं. पाण्याची धार बाटलीत पडत होती आणि मी मनात म्हणाले, तांबं आहे हे. आणि लगेच म्हणाले, आता हिला ओलेतं करून पुन्हा शेंदायला लावू? पुन्हा भांडण, पुन्हा उपास? बस चुकेल. आणि खरं म्हणाल तर याखालीही आणखी एक गोष्ट होती, आणि तीच खरी होती. मला ते पाणी चांगलं निघायला हवं होतं. वाईट निघालं असतं तर आईची विहीर मला बंद करावी लागली असती, आणि बहीण यायच्या तोंडावर घरात ते रणकंदन मला नको होतं. मी झाकण लावलं आणि निघाले.

ऑफिसात फॉर्म भरला. नमुना कोणी घेतला? माझं नाव. कुठून? विहीर. कसा घेतला? मी लिहिलं, 'थेट'.

दोन दिवसांनी निकाल आला. एकाही नळीत काही वाढलेलं नाही. पिण्यास योग्य. मी सही केली.

आईला मराठी वाचता यायचं नाही, तमिळ यायचं. तिनं तो तमिळमधला कागद तीनतीनदा वाचला, मग भाताच्या खिमटीनं परसाच्या दाराला आतनं चिकटवून टाकला, शेजारच्या दोन्ही घरांना दिसेल असा. "आमच्या विहिरीस सरकारनें शिक्का दिला," ती सांगत सुटली. शेजारची बाई मला म्हणाली, "अक्का, तुम्ही तपासलंत म्हणजे आता काळजीच नाही." मी मान डोलावली. माणसाला खोट्याचीसुद्धा किती लवकर सवय होते बघा. आठवड्याभरात मला स्वतःलाच वाटू लागलं की पाणी चांगलं आहे.

धाकटी आठव्या महिन्यात आली. पाय सुजलेले, चेहरा असा काही उजळलेला की आईनं दारातच मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तिला कशाकशाचा वास सहन होत नव्हता. कॉफी नको, फोडणी नको. आणि नळाचं पाणी तर तोंडाशी नेलं की ओकारी. आईनं तिच्यासाठी बाजारातनं नवी मातीची पानै, म्हणजे माठ, आणली, तळाशी वाळू घालून कोपऱ्यात मांडली, आणि विहिरीचं पाणी शेंदून तीत भरलं. पानैतलं पाणी गार, गोड. वाळ्याची एक जुडी आत सोडलेली. घागरीतलं पाणी आईनं तिला एक थेंब दिलं नाही. "तांबें उष्ण पडतें या दिवसांत. पोरीस गारच हवें." हे सगळं मायेनं, कौतुकानं. पानै रिकामी झाली नाही ना हे ती दिवसातनं चारदा बघायची.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीनं मला विचारलं. मी ऑफिसला निघाले होते, ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, हातात पेला.

"अक्का, माझे डॉक्टर म्हणाले होते पाणी उकळून पी. हे उकळूं का?"

मागल्या टाकीची आठवण मला होती. फॉर्मवरच्या त्या शब्दाचीही होती.

"त्यांना सगळ्यांना हेच सांगायची सवय असते," मी म्हटलं. "आपली विहीर मी स्वतः तपासलीय. पी खुशाल. उकळलेल्या पाण्याची चव तुला आवडेल का?"

"मग झालें," ती म्हणाली आणि माझ्यादेखत गटागट प्यायली.

दीड महिना. त्या दीड महिन्याइतकं आमचं घर कधी आनंदात नव्हतं. मेहुणे दर रविवारी यायचे, संध्याकाळी ओट्यावर हलक्या आवाजात गायचे, धाकटी चुका काढायची. आई जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायची. मी कधी नव्हे ते ऑफिसातनं वेळेवर घरी येऊ लागले.

आधी तिची भूक गेली. मग ताप. नवव्या महिन्यात असं होतंच, आई म्हणाली. शेजारच्या घरातही दोघे झोपलेले होते, डोळे पिवळे. ते म्हणायचे, लग्नातलं जेवण बाधलं. मग एका सकाळी उजेडात धाकटीनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं दिसलं. मेहुण्यांनी तिरुवैयारूहून भुईआवळा उपटून आणला, आईनं तो ताकात वाटून दिला. दोन दिवस यात गेले. त्या दोन दिवसांत मी काय केलं? मी पानै भरून ठेवत होते. कावीळ आहे, भरपूर पाणी पोटात जाऊ दे, म्हणून मीच तिला दर तासाला उठवून पाणी पाजत होते.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं," मी म्हटलं. "तपासलेलं आहे. मी पाणी तपासणीतच आहे."

त्यांनी वर बघितलं, काही लिहिलं आणि म्हणाल्या, "ही कावीळ पाण्यातूनच येते, मॅडम. एरवी माणूस बरा होतो. गरोदर बाईला मात्र ही फार वाईट."

"पण पाणी तपासलंय," मी पुन्हा म्हटलं. दोनदा म्हटलं मी ते. आजही तो माझा आवाज मला ऐकू येतो आणि कुठे तोंड लपवू असं होतं.

बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. धाकटी त्यानंतर तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी ती आम्हांला ओळखत नव्हती, काहीबाही बोलत होती, सगळं मराठीत, लहानपणीचं. दुपारी जेवणाच्या वेळेला गेली. मेहुणे खाली डबा आणायला गेले होते. मी तिचा हात धरून होते आणि मी रडले नाही. दुःखाच्या आधी भीती आली होती. माझी सही, माझा फॉर्म.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापांना तीन दिवसांचं. सुतकात देवांची पूजा नाही, सोवळं नाही, विहिरीला कोणी शिवलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आत पडून होती. मी कपाटातनं तपासणीच्या दोन छोट्या बाटल्या काढल्या, खेड्यापाड्यांत आम्ही वापरतो त्या. आत औषधाची पट्टी असते. पाणी भरून उबेत ठेवायचं, घाण असली की पाणी काळं होतं. एका बाटलीला दोरी आणि दगड बांधून मी विहिरीत सोडली. कोणी अडवलं नाही. इतकं सोपं होतं ते. दुसरीत घागरीतलं पाणी भरलं. घागर धाकटीला हॉस्पिटलात नेलं त्या दिवसापासून तशीच भरलेली होती. दोन्ही बाटल्या परसाच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काळीकुट्ट झाली होती. शाईसारखी. दुसरी जशीच्या तशी, नितळ पिवळसर. मी त्या दोघींसमोर उभी राहिले. आतनं आईच्या पावलांचा आवाज आला तशी मी ती नितळ बाटली उचलली, मोरीत रिकामी केली आणि पदराखाली घेतली.

आई फळीपाशी आली. काळ्या बाटलीकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"हें आपल्या विहिरीचें?"

"हो."

"मग तेव्हां चांगलें कसें आलें?"

दारावर तो कागद अजून चिकटलेला होता. मी म्हटलं, "तेव्हा चांगलंच होतं. मधल्या काळात बिघडलं. टाकी फुटली असेल."

आईनं मान हलवली आणि आत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच. आणि मी मनाला समजावलं की हे मी तिच्यासाठी केलं. तिच्याच हट्टानं बाटली विहिरीत गेली नाही, हे तिला कळलं तर ती जगेल का? तिला वाचवायचं म्हणून मी खोटं बोलले. असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले.

पुढचं रीतसर झालं. मी दोन्ही शेजाऱ्यांना पाणी बंद करायला लावलं. ऑफिसातल्या दुसऱ्या माणसानं नमुना घेतला, तो अयोग्य निघाला. टाकी दोषी ठरली, उकरून दुसरीकडे हलवली. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. गल्लीतल्या लोकांनी त्या मालकाला शिव्यांची लाखोली वाहिली, त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा. मेहुण्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. ते यायचे थांबले, एवढंच. कागद मी दारावरनं खरवडून काढला, पण खिमटीचा चौकोनी डाग राहिला.

आईनं देवांना नळाचं पाणी घालायला सुरुवात केली, तेही स्टीलच्या कोडमातनं, म्हणजे कळशीतनं. घागर तिनं माळ्यावर उपडी घातली. मी विचारलं तर म्हणाली, "जड होते गे आतां. हात भरून येतात." वय झालं होतं तिचं. मी विश्वास ठेवला.

मागल्या वर्षी, सणाच्या आधी, मी भांडी घासायला काढली होती. ऐन दुपारी परसात चिंच कालवून बसले होते. माळ्यावरनं घागरही खाली आणली. हिरवीगार झाली होती. आई दारात पाटावर बसून बघत होती.

"ती ठेव तिथेंच," ती म्हणाली.

"किती डाग पडलेत बघ, घासून ठेवते."

"त्या दिवशीं फळीवर दोन बाटल्या होत्या."

माझा हात चिंचेतच राहिला.

"पहाटेस मी उठलें होतें," आई म्हणाली. "दोन होत्या. एक काळी, एक बरी. मग तू उठलीस, आणि मी आलें तेव्हां एकच. त्या दुसरींत काय होतें?"

"आई..."

"घागरींतलें ना? मज कळलें तेव्हांच. तूं घागरींतलें तपासलेंस आणि पोर पानैतलें प्यायली. मीच बाटली विहिरींत सोडूं दिली नाही. तुज बिचारीस काय कळणार, तूं माझ्यावर भरोसा ठेवून बाटली धरलीस. मग तूं खोटें बोललीस, मज वाईट वाटूं नये म्हणून. म्हणून मीही गप्प राहिलें. पण आतां दिवस थोडे उरले, तुज सांगावेंसें वाटलें. तुझा दोष नव्हे हो."

सहा वर्षं ती हे एकटी उरात घेऊन बसली होती. मला निर्दोष धरून. मी गप्प राहिले असते तर ती शांतपणे गेली असती, सगळं आपल्या माथी घेऊन. आणि मला तेवढं ऐकवेना. मी तोंड उघडलं ही काही चांगुलपणाची गोष्ट नव्हती. मला ते ओझं आणखी एक दिवसही पेलवत नव्हतं, इतकंच.

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तू ओतत होतीस तेव्हाच ठाऊक होतं. तांब्यातलं घ्यायचं नसतं. मी फॉर्मवर थेट विहिरीतनं म्हणून लिहिलं."



"ठाऊक होतें?"

"हो."

"आणि ती विचारत होती तेव्हां? उकळूं का म्हणून? मी आंत होतें, ऐकलें मी."

"तेव्हाही."

आई भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मी घागर घासून लख्ख केली, कारण दुसरं काय करावं ते कळेना, आणि परत माळ्यावर ठेवून दिली. संध्याकाळी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला तो तिनं घेतला नाही. मला वाटलं, राग आहे, उतरेल. माझ्या रागासारखा.

त्यानंतर पाच महिने ती होती. माझ्याशी बोलायची, जेवायला हाक मारायची, औषधाची आठवण करायची. पाणी मात्र स्वतः उठून घ्यायची. उठता येईनासं झालं तेव्हा भिंतीतल्या दाराकडे तोंड करून शेजारच्या बाईला हाक मारायची, आणि ती बाई हातातलं काम टाकून यायची, पेला भरायची, तिला पाजायची. मी तिथेच उशाशी बसलेली असायचे.